आजोबांच्या ट्रंकेतलं १७८० चं चांदीचं नाणं : किंमत किती येईल?

अजिंक्यतारा (शनिवार, रात्री १०.१२)

नमस्कार मंडळी. इथं वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

साताऱ्याचं घर आवरताना आजोबांची लोखंडी ट्रंक निघाली. वर वर्दीची बटणं, पेन्शनचे कागद, आणि तळाशी धोतराच्या चिंधीत गाठ मारून ठेवलेले तीन तुकडे.

पहिलं मोठं, जाडजूड नाणं. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतल्यासारखी, अंगाने भरलेली बाई. मागे दोन तोंडांचा गरुड आणि साल १७८०. दुसरं बहुतेक पदक आहे. त्यावर नेपोलियन, मागे दोन राजांचे चेहरे आणि ऑस्टर्लिट्झ लढाईचं नाव, साल १८०५. तिसऱ्यावर एकीकडे इंग्लंडची राणी आणि दुसरीकडे चर्चिल.

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९४१ ला आफ्रिकेत, इरिट्रियातल्या केरनच्या लढाईत होते. नाणं तिथूनच आणलं असं आत्या सांगते. पदक कुठून आलं कुणालाच माहीत नाही, धाकटे चुलते चोरबाजारात फार हिंडायचे एवढं खरं.

एका व्हिडिओत १७८० चं हेच नाणं चाळीस लाखांचं सांगितलंय. खाली नंबर होता. फोन केला तर म्हणाले, आधी नोंदणीचे २,५०० भरा, मग आमचा माणूस घरी येऊन रोख देईल. भरू का?

गुलबक्षी (शनिवार, रात्री १०.२०)

भरू नका! भरू नका! भरू नका!

सराफकट्टा (शनिवार, रात्री १०.४१)

गुलबक्षीताईंनी तीनदा लिहिलंय, मी चौथ्यांदा लिहितो. जुन्या नाण्या-नोटांच्या नावाने फी, कमिशन, कर मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सावध केलं होतं. नाणं विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. तो नंबर ब्लॉक करा.

आता धंद्याचं बोलू. आमच्या दुकानात असं नाणं आलं की आम्ही वजन बघतो, टंच म्हणजे शुद्धता बघतो, आणि मोडीचा भाव सांगतो. खरेदीत घट धरतो ती वेगळी. आमच्या लेखी ती चांदी, राणी कोणती याच्याशी देणंघेणं नाही. त्यामुळे सराफाने सांगितलेला आकडा म्हणजे तळ समजा. त्याच्याखाली जाऊ नका, आणि त्यालाच शेवटची किंमतही समजू नका.

जुनं_खोड (रविवार, सकाळी ७.०५)

अजिंक्यतारा, तुझ्या हातात जगातलं बहुधा सगळ्यात जास्त वेळा पुन्हा पाडलेलं चांदीचं नाणं आहे. मारिया थेरेसा थालर. 'बाई' म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा. डोक्यावर पदर नाही, विधवेचा घुंगट आहे. नवरा १७६५ ला गेला, त्यानंतरचं हे रूप. ती स्वतः २९ नोव्हेंबर १७८० ला वारली. पण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या व्यापाऱ्यांना हेच नाणं पाहिजे होतं, हाच चेहरा, हेच साल. दुसरं दिलं की घेईनात. म्हणून साल १७८० वरच गोठवलं आणि पाडणं चालू ठेवलं, ते आजतागायत. बाईच्या खांद्यावरच्या पिनेतले मोती मोजून मगच नाणं घेणारे लोक होते. नऊ भरले पाहिजेत. तूही मोज.

खांद्याखाली एस.एफ. अशी दोन अक्षरं असतील. शोब्ल आणि फाबी, गुन्झबुर्ग टांकसाळीचे दोन अधिकारी. ती टांकसाळ १८०५ ला बंद झाली, अक्षरं मात्र राहिली. मागच्या बाजूला १७८० नंतर तिरपी फुली असेल.

तेव्हा व्हिडिओतले चाळीस लाख विसर. १७८० मध्ये खरोखर पाडलेली नाणी आहेत, पण ती दुर्मिळ, आणि ट्रंकेत सापडणारी शंभरातली जवळजवळ शंभर नंतरची असतात. आता मला सांग: वजन किती, व्यास किती, आणि कडेवर काय आहे? चेहऱ्याचे फोटो सगळे टाकतात. कडेचा कुणी टाकत नाही, आणि अर्धी गोष्ट तिथंच असते.

अजिंक्यतारा (रविवार, सकाळी ९.३०)

मोती नऊ! एस.एफ. आहे. फुली आहे. साधारण ४० मि.मी. वजन २८.०२ ग्रॅम (पुतण्याच्या छोट्या काट्यावर). कडेवर उठावाची अक्षरं आणि मध्ये नक्षी आहे, पण आईने दिवाळीला सगळं रांगोळीने घासून काढलं, त्यामुळे आता अगदी चकचकीत दिसतंय.

जुनं_खोड (रविवार, सकाळी ९.४४)

अरे देवा.

गुलबक्षी (रविवार, सकाळी ९.४५)

😬 आमच्याकडे चिंच लावली होती, तुमचं बरंच म्हणायचं.

जुनं_खोड (रविवार, सकाळी १०.१५)

घासलं ते घासलं. पुढे कुणी काही लावू नका. रांगोळी, चिंच, टूथपेस्ट, सोडा, काही नाही. चांदीवरचा काळसर थर म्हणजे मळ नव्हे, तो चांदीचा वयाचा रंग. घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात, आणि माहितगार गिऱ्हाईक ते बघून हात मागे घेतो. साध्या थालरला त्याने फार फरक पडत नाही, पण एखाद्या चांगल्या नाण्याची निम्मी किंमत आईच्या हातून रांगोळीत गेलेली मी पाहिली आहे. माझ्याच आईच्या.

वजन बरोबर आहे. नियमाने २८.०६६८ ग्रॅम, चांदी ८३३ टंच, म्हणजे हजारात ८३३ भाग, म्हणजे शुद्ध चांदी २३.३९ ग्रॅम. चांदीचा भाव हिशोबापुरता शंभर रुपये ग्रॅम धरला तर आत २,३३९ रुपयांची चांदी. त्या दिवशीचा खरा भाव टाकून तूच गुण. कडेवरची अक्षरं लॅटिन आहेत, 'युस्तितिया एत क्लेमेन्तिया'. न्याय आणि दया, हे तिचं ब्रीद.

पण नुसत्या वजनावर विश्वास ठेवू नकोस. नकली पाडणारेही काटा वापरतात. घरी एक गोष्ट कर. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेव आणि आकडा शून्यावर आण. नाणं शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण ग्लासला टेकणार नाही असं धर. काट्यावर येईल तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. नाण्याच्या वजनाला त्याने भाग. ८३३ टंचाच्या चांदी-तांब्याला १०.२ च्या आसपास यायला हवं. पितळ साडेआठच्या जागी असतं, तांबं-निकेल ८.९, शिसं ११ च्या वर. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकायला विसरू नकोस, नाहीतर उत्तर कमी येतं.

अजिंक्यतारा (रविवार, दुपारी १.०२)

केलं. स्वयंपाकघरात गर्दी जमली होती. पहिल्या खेपेला दोरा ग्लासला लागला. दुसऱ्या खेपेला २.७६. म्हणजे २८.०२ भागिले २.७६ = १०.१५. चांदीच!

त्याच दोऱ्याला पदकही बांधलं. ३७.४० भागिले ४.२५ = ८.८. हे काय झालं? दिसतंय तर पांढरंशुभ्र.

सराफकट्टा (रविवार, दुपारी १.३०)

तांब्यापितळेच्या घरातलं काहीतरी, वर चांदीचा मुलामा. अशा वस्तूंवर आमचं टंच मशीनही फसतं, ते वरवरचाच थर वाचतं. कसोटीवर हलकं घासलं तरी पहिली रेघ पांढरीच येते. पाण्याला मात्र फसवता येत नाही.

इसारकाठ (रविवार, दुपारी २.१५)

म्युनिकहून नमस्कार. थालरची एक गंमत सांगायची राहू नये. व्हिएन्नाची टांकसाळ आजही हे नाणं पाडते आणि दुकानात विकते, साल अर्थात १७८०. माझ्याकडे एक आहे, २०११ च्या ट्रिपमध्ये घेतलेलं. म्हणजे अठराव्या शतकाचं साल असलेली वस्तू माझ्या मुलीपेक्षा वयाने लहान आहे.

इथल्या जुन्या बाजारात भारतातून आलेली मंडळी हमखास फसतात ती १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या दहा मार्कांच्या नाण्यांवर. 'स्मरणनाणं, चांदीचं, पन्नास वर्षांचं' म्हणून दुर्मिळ वाटतं. प्रत्यक्षात ती कोट्यवधी पाडली. १५.५ ग्रॅम, ६२५ टंच, शुद्ध चांदी ९.६९ ग्रॅम, बस्स. पहिल्या नाण्यांवर 'इन डॉइचलांट', म्हणजे जर्मनीत, असं लिहिलं होतं. ऑलिंपिक देशाला नाही, शहराला मिळतं, असा आक्षेप आला आणि पुढच्यांवर 'इन म्युन्शेन', म्हणजे म्युनिकमध्ये, असं आलं. पण दोन्ही प्रकार ढिगाने आहेत, तेव्हा या किश्शाचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

जुनी जर्मन नाणी असतील तर एक सोय आहे. १८५७ नंतरच्या फेराइन्सथालरवर वजन नाण्यावरच लिहिलेलं असतं: 'तीस, एक पौंड शुद्ध'. म्हणजे तेव्हाच्या जर्मन पौंडातून, ५०० ग्रॅम शुद्ध चांदीतून, तीस नाणी, एकात १६.६७ ग्रॅम. कॅटलॉग उघडायलाच नको. साम्राज्याच्या काळातला पाच मार्क २७.७८ ग्रॅम, ९०० टंच. खाली बारीक अक्षर शोधा: ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, जे हाम्बुर्ग. एकाच राजाच्या, एकाच सालच्या नाण्याची किंमत या अक्षराने पार बदलू शकते.

मांडवी (रविवार, संध्या. ५.२०)

पणजीहून. आमच्या घरात हा खजिना आजीच्या पेटीत होता, कारण घरातले तीन पुरुष बोटीवर. दोन नाणी पाच फ्रँकची, दोन्हीवर तिसरा नेपोलियन. एकात डोकं उघडं, दुसऱ्यात पानांचा मुकुट. मला वाटायचं एक नकली. मग कळलं की १८५९ च्या इटलीतल्या विजयानंतर स्वारीने नाण्यावर मुकुट चढवून घेतला, त्यामुळे आधीची उघड्या डोक्याची आणि १८६१ पासूनची मुकुटवाली. दोन्ही २५ ग्रॅम, ९०० टंच. कडेवर 'देव फ्रान्सचं रक्षण करो' अशा अर्थाची ओळ.

१८६५ ला फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड यांनी नाण्यांचं माप एक केलं, ग्रीस १८६८ ला आला. म्हणून या सगळ्यांचं पाचाचं चांदीचं नाणं २५ ग्रॅम आणि २२.५ ग्रॅम शुद्ध. फक्त एक-दोन फ्रँकच्या बारक्या नाण्यांत त्यांनी टंच उतरवून ८३५ केला, तो हिशोब वेगळा करायचा.

आणि आमचा गोव्याचा रुपया! १८८१-८२ चा, राजा लुईसचा. राजा पोर्तुगालचा, पण वजन ११.६६ ग्रॅम आणि टंच ९१७, म्हणजे थेट इंग्रजी रुपयाचं. १८८० च्या करारानंतर तसं ठरलं. नाण्यावर राजा एकाचा असतो आणि वजन दुसऱ्याचं, यावरून त्या काळी बाजारात कोणाचं चालायचं ते कळतं, असं आमचे आजोबा म्हणायचे, तेही पोर्तुगीजांची बाजू घेऊन भांडता भांडता.

गुलबक्षी (रविवार, रात्री ९.१०)

माझीही जखम उघडते. मुंबईत रस्त्यावर एकाकडून ब्रिटिश ट्रेड डॉलर घेतला. उभी ब्रिटानिया, हातात त्रिशूळ, मागे चिनी आणि मलायी अक्षरं. विकणारा म्हणाला, 'ताई, आपल्या मुंबईच्या टांकसाळीचा आहे, त्रिशूळाच्या मधल्या टोकाला बारीक बी बघा.' बी होता. हरखून गेले. घरी येऊन फ्रीजवर ठेवला तर फ्रीजच्या मॅग्नेटला चिकटून बसला.

जुनं_खोड (रविवार, रात्री ९.३२)

चांदी चुंबकाला चिकटत नाही, ताई. तो डॉलर २६.९५ ग्रॅमचा हवा, ९०० टंच. माहिती त्याने तुम्हाला खरी दिली, नाणं तेवढं खोटं. मुंबईच्या टांकसाळीने ते खरोखर पाडले, पूर्वेकडच्या व्यापारासाठी. आज मूळ नाण्यांपेक्षा नकला जास्त दिसतात. अशांची कड फिरवून बघा: ओतीव नकलेत दोन अर्ध्या जुळल्याची रेघ घासून काढलेली असते, किंवा कडेचे दाते मध्येच पुसट होतात.

मुंबईच्या टांकसाळीचा विषय निघालाच आहे, तर अजिंक्यतारा, आता खुर्चीत नीट बस.

तुझ्या थालरसारखी नाणी व्हिएन्ना सोडून इतर शहरांतही पाडली गेली. १९३५ मध्ये मुसोलिनी इथिओपियावर चालून गेला. तिथं लोक थालरशिवाय काही घेत नव्हते, म्हणून त्याने ऑस्ट्रियाकडून साचे मिळवले आणि रोममध्ये नाणी पाडायला घेतली. इंग्रजांच्या व्यापाऱ्यांची पंचाईत झाली, तर १९३६ पासून लंडनमध्ये चालू. पॅरिस, ब्रुसेल्सही त्यात उतरले. मग युद्ध पेटलं. इरिट्रिया आणि इथिओपियात उतरणाऱ्या इंग्रजी फौजेला हमाल, खेचरं, धान्य यांसाठी तिथं चालणारं नाणं हवं होतं. १९४० आणि ४१ मध्ये ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलं. फोर्टातल्या. सुमारे १ कोटी ८९ लाख नाणी.

आणि तुझे आजोबा १९४१ च्या मार्चमध्ये केरनच्या डोंगरात.

अजिंक्यतारा (रविवार, रात्री ९.५०)

म्हणजे हे नाणं मुंबईहून गेलं आणि आजोबांबरोबर परत आलं??

जुनं_खोड (रविवार, रात्री १०.१८)

असू शकतं. 'आहे' असं मी म्हणणार नाही. लंडनची नाणीही त्याच बाजारात फिरत होती. कोणत्या टांकसाळीचं ते गरुडाच्या पंख-शेपटीची पिसं, पिनेच्या मोत्यांचा आकार आणि कडेवरची नक्षी यांच्या बारीक फरकांवरून ठरवतात, मोठ्या केलेल्या फोटोंशी ताडून. फोटो टाकलेस तर रविवारचा वेळ घालवून बघेन. एवढं नक्की सांगतो की मुंबईचं निघालं तरी घबाड नाही. दोन कोटींच्या आसपास पाडलेली वस्तू दुर्मिळ कुठून असणार? चांदीवर थोडं वर देतील, हौशी माणूस भेटला तर आणखी थोडं. कडी जोडल्याची खूण किंवा भोक असेल तर तेही नाही. आफ्रिका-अरबस्तानात बायका गळ्यात घालायच्या, त्यामुळे भोकाची बरीच असतात.

किंमत बघायची तर वेबसाइटवर कुणी मागितलेला आकडा बघू नकोस. मागायला कोण काय मागेल! लिलावात हातोडा पडला तो आकडा बघ, तोही तुझ्या नाण्याच्याच अवस्थेतल्या नाण्याचा.

अजिंक्यतारा (रविवार, रात्री १०.३५)

आणि पदक? पाण्याने तर त्याची वाट लावली.

जुनं_खोड (रविवार, रात्री १०.५२)

पदकाची कड बघितलीस का? पॅरिसच्या टांकसाळीने १८३२ पासून पदकांच्या कडेवर बारीक खूण मारायला सुरुवात केली, आणि अधूनमधून ती बदलली. आधी दिवा, मग जहाजाचा नांगर, मग जहाजाचा पुढचा भाग. १८४५ ते ६० बोट दाखवणारा हात, १८६० ते ७९ मधमाशी, आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग. बाजूला धातूचं नाव: आर्जां म्हणजे चांदी, क्विव्र म्हणजे तांबं, ब्राँझ म्हणजे ब्राँझ. साच्यावर नेपोलियनचा काळ, कडेवर पाडल्याचा काळ.

अजिंक्यतारा (सोमवार, सकाळी ८.०५)

भिंग आणलं शेजारच्या घड्याळवाल्याकडून. कडेवर काहीतरी जिलबीसारखं आहे आणि पुढे ब्राँझ. नेपोलियनच्या मानेखाली बारीक 'आंद्रिय'.

जुनं_खोड (सोमवार, सकाळी ८.३०)

जिलबी म्हणजे शिंग. आंद्रिय हा पदकं कोरणारा. नेपोलियनच्या काळात देनाँ या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली विजयांच्या पदकांची मालिकाच निघाली, त्यात आंद्रियचं काम पुष्कळ. साचे जपून ठेवलेले होते, आणि गिऱ्हाईक आहे तोवर टांकसाळ पाडत राहिली. तेव्हा तुझं पदक १८८० नंतरचं, ब्राँझचं, आणि वर कुणीतरी हौसेने चांदीचं पाणी दिलेलं. टांकसाळीने चांदीचं म्हणून दिलं असतं तर कडेवर आर्जां असतं. ते पाणी देणारा कोण, हे चुलत्यांना माहीत असेल किंवा चोरबाजाराला.

कोरीव काम मात्र सुंदर असतं, भिंग परत करायच्या आधी केस बघून घे.

सराफकट्टा (सोमवार, सकाळी ९.१०)

चर्चिलचं राहिलं. १९६५, तांबं-निकेल, चांदी शून्य. जवळपास दोन कोटी पाडली. इंग्लंडमध्ये १९२० ला टंच ९२५ वरून ५०० वर आला आणि १९४७ ला चलनातल्या नाण्यांतून चांदी गेलीच. लंडनच्या नातेवाइकांनी भारतात येताना आणलेली सगळ्यात आवडती भेट आहे ही. दुकानात महिन्याला एक तरी येतं आणि मला वाईट बातमी द्यावी लागते.

इसारकाठ (सोमवार, दुपारी १२.४०)

अजिंक्यतारा, विकायचंच ठरलं तर मला पाठवायचा विचार करू नका हं, मी गमतीतही मागणार नाही. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आणि 'हे १९४१ चं आहे' हे कस्टमवाल्याला कसं पटवणार, वर १७८० लिहिलेलं असताना?

अजिंक्यतारा (सोमवार, रात्री ९.१५)

विकत नाही. आत्याला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, मुंबईत पाडलेलं असेल तर तुझे आजोबा आम्हाला आयुष्यभर 'परदेशातून आणलं' म्हणून का सांगत होते! पदक चुलत्यांकडे परत गेलं. चाळीस लाखवाल्याचा परत फोन आला, आता १,५०० वर आलाय.

उद्या नाण्याच्या कडेचे आणि पिसांचे फोटो काढतो. मोबाईल तिरपा धरू की सरळ?

जुनं_खोड (सोमवार, रात्री ९.२१)

मोबाईल सरळ. उजेड तिरपा. आणि आईला सांग, हात लावायचा नाही.